एक मैलावरची पाटी आणि मध्येच अडकलेला टरेट: लांब पल्ल्याच्या रायफलसाठी स्कोप निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या एका हौशी नेमबाजाचं आहे. ओळख पटू शकेल असे तपशील काढले आहेत. काही वर्षं तो .३०८ विंचेस्टर रायफलने क्लबच्या रेंजवर ६०० ते १,००० यार्डांवरच्या पोलादी पाट्यांवर नेम धरत होता. पुढची पायरी म्हणून त्याने .३३८ लापुआ मॅग्नमची बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली. २७ इंची नळी, पुढे मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तोंडावरचा भाग) आणि ॲक्शनवर, म्हणजे बोल्टच्या पेटीवर, आधीच बसवलेली स्कोप धरणारी २० एमओए उताराची रेल (एमओए हे कोनाचं माप, पुढे येतंच), असं तिचं स्वरूप. उद्देश एकच होता: एक मैलावरची, म्हणजे १,७६० यार्ड किंवा १,६०९ मीटरवरची पाटी वाजवायची.

तो दोन ठिकाणी नेमबाजी करतो. एक म्हणजे न्यू मेक्सिकोत रॅटनजवळचं व्हिटिंग्टन सेंटर. ते समुद्रसपाटीपासून साधारण ६,६०० फूट उंचावर आहे आणि ‘किंग ऑफ टू माइल्स’ ही अतिदूर पल्ल्याची स्पर्धा तिथे भरत आली आहे. दुसरी टेक्सासमधली कमी उंचीवरची रेंज, जिथे तो हिवाळ्यात जातो. ही दोन ठिकाणं पुढच्या सगळ्या हिशेबात महत्त्वाची ठरली.

मराठी वाचकाला रायफल नेमबाजी म्हटली की कोल्हापूर आठवतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं ते डायऑप्टर साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नसते आणि अंतरही ठरलेलं असतं. इथला खेळ वेगळा आहे. अंतर दर पाटीला बदलतं, आणि त्या त्या अंतरासाठी नळी किती वर उचलायची हे स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीच्या, टरेटवर (आकडे असलेल्या फिरत्या खुंटीवर) आकडा लावून ठरवावं लागतं. स्कोपचं भिंग डोळ्याला मदत करतं हे खरं, पण स्कोपचं मुख्य काम मोजमापाचं आहे.

पुढे कोन मोजणारी दोन एकके सारखी येतील. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, १०० यार्डांवर ३.६ इंच, आणि एक मैलावर जवळपास १.६ मीटर. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच. १ मिलमध्ये ३.४४ एमओए बसतात.

पहिला स्कोप त्याने सुमारे ७०० डॉलरना घेतला. ६-२४×५० (झूम ६ ते २४ पट, पुढचं भिंग ५० मिलिमीटर), ३० मिलिमीटरची नळी, रेटिकल (आत दिसणारी नेमाची खूण) सेकंड फोकल प्लेनमध्ये (याचा अर्थ पुढे येतो), रेटिकलवर मिल-डॉटचे, दर मिलला एक असे ठिपके, पण टरेटची क्लिक (फिरवतानाची एक खटकी) पाव एमओएची. एलिव्हेशनची, म्हणजे वर-खालची, एकूण चाल ६० एमओए. निवडताना पाहिलं काय, तर २४ पट मोठं दिसतं, काच चांगली आहे आणि दुकानात लांबची पाटी स्वच्छ दिसली. .३०८वर १,००० यार्डांपर्यंत हाच स्कोप चालूनही गेला असता.

अडचण

रायफलीत ३०० ग्रेन वजनाची मॅच गोळी, क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) वेग सेकंदाला २,७५० फूट. नळीच्या तोंडाशी ऊर्जा ६,८०० जूलच्या आसपास, म्हणजे .३०८च्या जवळपास दुप्पट. रॅटनच्या विरळ हवेत, १०० यार्डांवर झिरो धरून (म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप लावून), या गोळीला १,००० यार्डांसाठी सुमारे ७ मिल, १,५०० यार्डांसाठी १२.६ मिल आणि एक मैलासाठी १६.२ मिल वर लावावे लागतात. १६.२ मिल म्हणजे ५६ एमओए.

तक्रारी चार होत्या आणि नेमबाजाच्या मते चारही वेगवेगळ्या होत्या.

पहिली: १,५०० यार्डांपर्यंत जेमतेम पोचता येतं, त्यापुढे टरेट फिरतच नाही. दुसरी: तिथवर पोचल्यावर आडव्या वाऱ्यासाठी विंडेज (डाव्या-उजव्या बाजूचा टरेट) लावायला गेलं की तोही लगेच अडकतो. तिसरी: एक मैलावर उरलेलं अंतर रेटिकलवर धरून मारलं की गोळ्या कधी पाटीजवळ, तर कधी पाटीच्या कित्येक मीटर वर जातात. चौथी: १०० यार्डांवरचा झिरो तीस-चाळीस गोळ्यांनंतर सरकलेला सापडतो.

त्याने आधी दोष काडतुसांवर टाकला आणि दारूचं वजन बदलून पाहिलं. मग बॅलिस्टिक ॲपमध्ये (टरेटवर किती लावायचं ते काढून देणाऱ्या) वेग २,७५० ऐवजी २,७१५ टाकला, कारण तसं केल्यावर १,००० यार्डांचा आकडा जुळत होता. हा दुसरा उपाय जास्त घातक होता. का ते पुढे येईल.

कारणांचा शोध

*टरेट का अडकला.* ६० एमओए ही वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची पूर्ण चाल आहे. मध्यापासून वर फक्त ३० मिळतात. रेल २० एमओए पुढे झुकलेली, म्हणून ५०. १०० यार्डांच्या झिरोलाच यातले सुमारे ४ खर्च होतात, कारण स्कोप नळीच्या काही इंच वर असतो आणि तेवढ्या अंतरातही गोळी थोडी पडतेच. हातात राहिले ४६ एमओए, म्हणजे १३.४ मिल. रॅटनला मैलासाठी १६.२ लागतात. म्हणजे हा स्कोप या रेलवर त्या अंतरासाठी कधीच पुरणार नव्हता. कागदावरचं हे साधं गणित खरेदीपूर्वी पाच मिनिटांत झालं असतं.

*विंडेज का अडकलं.* स्कोपच्या बाहेरच्या नळीत एक बारीक आतली नळी असते आणि दोन्ही टरेट तिलाच ढकलतात. बाहेरची नळी गोल आहे. आतली नळी वरच्या किंवा खालच्या कडेला टेकली की डाव्या-उजव्या बाजूला सरकायला जागाच उरत नाही. कॅटलॉगमध्ये छापलेली विंडेजची चाल मधोमध असतानाची असते. शिवाय कडेला गेल्यावर प्रकाशाची वाटही भिंगाच्या मध्यातून जात नाही, चित्र मऊ पडतं आणि कडांना रंग सुटतात. दुकानात स्वच्छ दिसणारी काच याच कारणाने दीड हजार यार्डांवर गढूळ वाटत होती.

*रेटिकलवर धरलेले नेम का चुकले.* सेकंड फोकल प्लेनमध्ये झूम बदलला तरी रेटिकल डोळ्याला तेवढंच दिसतं, लक्ष्य मात्र लहान-मोठं होतं. म्हणून ठिपक्यांमधलं अंतर एकाच झूमवर खरं असतं. या स्कोपमध्ये ते २४ वर होतं, काही स्कोपमध्ये १० किंवा १२ वर असतं. सकाळी नेमबाज २४ वर होता. उरलेले १० एमओए म्हणजे जवळपास ३ मिल, ते त्याने तीन ठिपक्यांनी धरले. गोळी पाटीजवळ पडली. दुपारी जमीन तापली, मिराजने (तापलेल्या हवेच्या लहरींनी) पाटी नाचू लागली, त्याने झूम १२ वर आणला आणि पुन्हा तीनच ठिपके धरले. १२ वर प्रत्येक ठिपका दोन मिलचा होतो. तीन मिल जास्त धरले गेले, मैलावर ते ४.८ मीटर होतात. ‘गोळ्या पाटीच्या कित्येक मीटर वर’ याचं उत्तर इथे होतं. काडतुसाचा त्यात काही संबंध नव्हता.

टरेट एमओएमध्ये आणि रेटिकल मिलमध्ये, ही भर वेगळीच. स्पॉटर (गोळी कुठे पडली ते बघून सांगणारा साथीदार) म्हणतो ‘अर्धा मिल वर’, आणि नेमबाजाला तेवढ्यात १.७ एमओए, म्हणजे सात क्लिक, असा हिशेब करावा लागतो. वारा बदलण्याआधी दुसरी गोळी सोडायची असते, तेव्हा ही आकडेमोड परवडत नाही.

*टरेट खरं बोलतो का.* यासाठी उंच कागदाची चाचणी घेतली. टेपने मोजलेल्या १०० यार्डांवर सहा फूट उंच फळी उभी केली, ओळंब्याने उभी रेघ मारली, खालच्या बिंदूवर एक गट (सलग काही गोळ्या) मारला, मग टरेट ४० एमओए वर नेऊन त्याच बिंदूवर नेम धरून दुसरा गट मारला. दोन गटांमधलं अंतर ४१.९ इंच यायला हवं होतं. आलं ४०.८. म्हणजे टरेटवर १०० लिहिलं असेल तर नळी ९७.४ एवढीच उचलली जात होती. मैलाच्या वेळी लावलेल्या ४६ एमओएत ही तूट १.२ एमओएची, पाटीवर ५६ सेंटिमीटरची.

आता वेग २,७१५ का जुळत होता ते कळलं. गोळी खरोखर २,७५० नेच जात होती, स्कोप कमी उचलत होता, आणि ॲपमध्ये वेग घटवून ती तूट झाकली गेली. टरेट फिरवून मारताना ही लबाडी खपते. रेटिकलवर धरून मारताना खपत नाही, कारण ठिपके टरेटसारखे खोटे नव्हते. क्रोनोग्राफ विश्वासू असेल आणि ॲपचा आकडा जुळत नसेल, तर वेगाला हात लावण्याआधी स्कोप तपासावा. आमच्या पाहण्यात हा क्रम बहुतेक जण उलटा पाळतात.

*झिरो का सरकत होता.* रिंग सैल करून स्कोप उचलला तेव्हा पुढच्या रिंगच्या कडेला नळीवर जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचा चकचकीत पट्टा दिसला. काळा रंग घासून खाली ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं. स्कोप रिंगांमधून पुढे सरकत होता. धक्क्याने रायफल मागे येते, स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या तुलनेत पुढे जातो. त्यातून मझल ब्रेक असलेल्या रायफलीत मागच्या धक्क्याला लागूनच ब्रेकची उलटी ओढ येते, म्हणून स्कोपला दोन्ही दिशांनी हिसका बसतो. रिंगचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळलेले होते, नळीवर तेलाचा पातळ थर होता. रेलच्या चार ६-४८ स्क्रूंपैकी मागचे दोन नुसत्या बोटांच्या जोराने फिरले.

पर्याय

*पहिला: स्कोप तोच, रेल ४० एमओएची.* खर्च सव्वाशे-दीडशे डॉलर. हा पर्याय लोकांना वाटतो तितका वेडा नाही. गणित असं: ४० एमओए झुकलेल्या रेलवर ६० एमओए चालीचा स्कोप खालच्या टोकाला नेला तरी १०० यार्डांवर गोळी सुमारे ६ एमओए, म्हणजे १६ सेंटिमीटर वर लागते. १०० यार्डांचा झिरो मिळत नाही, जवळात जवळ ४०० यार्डांच्या आसपासचा मिळतो. वरच्या बाजूला मात्र ६६ एमओए, म्हणजे १९ मिल हाताशी येतात आणि रॅटनचा मैल गाठता येतो. तरीही हा सोडला. २.६ टक्क्यांची तूट, मिल-एमओएचा घोळ आणि सेकंड फोकल प्लेन हे तिन्ही तसेच राहत होते. आणि टेक्सासच्या थंड, जड हवेत मैलाला सुमारे २० मिल लागतात, तिथे पुन्हा अडकणं आलंच.

*दुसरा: उतार बदलता येणारा बेस किंवा स्कोपच्या पुढे बसणारं प्रिझमचं उपकरण.* एरा-टॅक किंवा आयव्हीसारखे बेस यासाठीच असतात. मैलाच्या दीडपट अंतरावर खेळणाऱ्यांना ते लागतातच. मैलासाठी मात्र ते वजन, खर्च आणि तपासायला आणखी एक हलणारा भाग एवढंच वाढवतात. शिवाय खाली बसलेला स्कोप बिनभरवशाचा असताना बेस बदलून काही साधत नाही.

*तिसरा: नवा स्कोप.* अटी आधी लिहून काढल्या आणि मग कॅटलॉग उघडला. क्रम मुद्दाम असा ठेवला: झिरोनंतर वर किमान २२ मिल उपलब्ध, टरेट आणि रेटिकल दोन्ही मिलमध्ये, फर्स्ट फोकल प्लेन (झूमसोबत रेटिकलही लहान-मोठं होतं, म्हणून खुणा सगळ्या झूमवर खऱ्या), पक्का झिरो स्टॉप (टरेटला झिरोवर अडवणारा थांबा), मॅग्नम धक्क्यासाठी बनवलेला, आणि शेवटी झूम. एकूण खर्चाची मर्यादा, रेल आणि रिंग धरून, ३,५०० डॉलर.

तीन स्कोप यादीत राहिले. नाइटफोर्स एटीएसीआर ५-२५×५६: ३४ मिलिमीटर नळी, एकूण चाल ३५ मिल. ल्यूपोल्ड मार्क ५एचडी ५-२५×५६: ३५ मिलिमीटर नळी, चाल तेवढीच, वजन ८५० ग्रॅम. व्होर्टेक्स रेझर एचडी जेन २, ४.५-२७×५६: ३४ मिलिमीटर नळी, चाल ३३.२ मिल, वजन जवळपास १.४ किलो. तिन्ही या कामाला पुरेसे आहेत आणि तिघांतला कुठलाही घेतला असता तरी प्रकरणाचा शेवट फारसा बदलला नसता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाड नळीने जास्त प्रकाश येतो असं विकणारेही सांगतात. तसं नाही. प्रकाश पुढच्या भिंगाच्या व्यासावर आणि झूमवर ठरतो: ५६ ला २५ ने भागलं की डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा खांब २.२ मिलिमीटरचा, १८ ने भागलं की ३.१ चा. जाड नळीचा उपयोग आतल्या नळीला हलायला जागा मिळण्यासाठी आहे, तोही उत्पादकाने ती जागा खरोखर वापरली असेल तर. म्हणून नळीच्या व्यासावर भाळू नये, चालीचा आकडा वाचावा.

निर्णय

नाइटफोर्स घेतला. दोन कारणं होती. ३४ मिलिमीटरच्या रिंगा आणि माउंट क्लबमध्ये बऱ्याच जणांकडे होते, उंची निवडण्यासाठी ते लावून पाहता आले. आणि टरेटच्या एका फेरीत १२ मिल येतात, त्यामुळे मैल दुसऱ्या फेरीतच आटोपतो. कमी मिलच्या फेऱ्यांमध्ये ‘आपण नेमके कितव्या फेरीत आहोत’ हा घोटाळा सामन्याच्या गडबडीत हमखास होतो आणि गोळी १० मिलने चुकते. वजनाचा मुद्दा सोडून दिला, कारण ही रायफल बायपॉडवर, पालथं झोपूनच वापरली जाते. रेटिकल दर ०.२ मिलला खूण असलेलं निवडलं.

खरा वाद रेलवर झाला. नेमबाजाचं म्हणणं, २० एमओएची आहेच, चालू द्या. गणितही त्याच्या बाजूने होतं: वरची निम्मी चाल १७.५ मिल, रेलचे ५.८, झिरोचे १.२ वजा, म्हणजे २२.१ मिल उपलब्ध. अट पूर्ण होत होती.

पण पुरणं आणि चांगलं चालणं यांत फरक आहे. २० च्या रेलवर थंडीतल्या टेक्सासचे २० मिल लावले की आतली नळी मध्यापासून १५.४ मिल वर, जवळपास कडेला जाते, आणि नेमकं वारा जास्त धरायच्या अंतरावर विंडेज आखडतं. ४० च्या रेलवर तेच २० मिल मध्यापासून ९.६ वर येतात, आणि रॅटनचा मैल ५.८ वर. १०० यार्डांचा झिरो मध्याखाली १०.४ मिलवर बसतो, खाली ७ मिल तरीही शिल्लक राहतात. म्हणजे ज्या अंतरावर रायफल खरी कामाला येते तिथे भिंगाचा मधला, सर्वांत स्वच्छ भाग वापरला जातो. १०० यार्डांवर चित्र किंचित मऊ झालं तर बिघडत नाही. ४० एमओएची पोलादी रेल घेतली, एकूण वरची चाल २७.९ मिल झाली.

बसवणी

रेलचं काम गनस्मिथने केलं. ६-४८ ची भोकं मोठी करून ८-४० चे स्क्रू, कारण जाड स्क्रू कातरला जाण्याचा धोका कमी. जुनी भोकं आणि ॲक्शनचा माथा तेल काढून कोरडा केला. रेल टेकवून पाहिली तर मागच्या बाजूला फट होती. ती स्क्रूने दाबून बसवली असती तर रेल वाकली असती आणि तिच्यावरचा स्कोपही. म्हणून खाली इपॉक्सीचा पातळ थर देऊन, ॲक्शनला मोल्ड-रिलीज (चिकटू न देणारा लेप) लावून, रेल तिच्या नैसर्गिक आकारात टेकवली. स्क्रू निळ्या थ्रेडलॉकसह (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवासह) २५ इंच-पाउंड टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या मोजलेल्या जोरावर.

रिंगची उंची पुढच्या भिंगाच्या बाहेरच्या व्यासावरून ठरवली. भिंगाचं टोक आणि नळी यांत तीन-चार मिलिमीटर मोकळीक ठेवली. उगाच उंच रिंग घेतली की गाल बटवरून सुटतो आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. तरी गालपट्टी थोडी उचलावी लागलीच.

डोळ्यापासूनचं अंतर २५ वर ठरवलं, कारण झूम जितका जास्त तितकी मागे-पुढे होण्याची मुभा कमी. पालथं झोपून, हिवाळी जाकीट घालून. पातळ शर्टात बसवलेला स्कोप जाड जाकिटात डोळ्याच्या फार जवळ येतो आणि .३३८ च्या धक्क्याला भुवई फुटते.

रिंगा रेलच्या खाचेत पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत पुढे ढकलल्या आणि मगच बाजूचे नट ६५ इंच-पाउंडवर आवळले. स्कोप मागे-पुढे आणि तिरका बघून, ओळंब्याच्या दोरीवर उभी रेघ जुळवून, वरच्या टोप्यांचे स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे करत १८ इंच-पाउंडवर आणले. दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवली. टोप्यांना थ्रेडलॉक लावला नाही: तो ओला असताना स्क्रूला वंगण देतो, तेवढ्याच टॉर्कला स्क्रू जास्त आवळला जातो आणि नळी चेपते. हे आकडे या भागांचे आहेत, दुसऱ्या रिंगांना त्यांच्या उत्पादकाचे आकडेच धरावेत. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून आडवी पांढरी रेघ ओढली, सैल झाला तर नुसतं बघून कळावं म्हणून.

स्कोपच्या नळीवर पाणसळीची बुडबुडानळी लावली. रायफल फक्त एक अंश कलली तरी १६ मिल वर असताना गोळी ०.२८ मिल बाजूला जाते. मैलावर ते ४५ सेंटिमीटर आहेत, आणि नेमबाज त्याचा दोष वाऱ्याला देतो.

निकाल

१०० यार्डांवर झिरो करून झिरो स्टॉप लावला. उंच कागदाची चाचणी पुन्हा घेतली. १० मिलला ३६ इंच यायला हवेत, मोजपट्टीच्या अचूकतेत तेवढेच आले. शून्यावर परत आणल्यावर गट पहिल्याच जागी पडला. दोनशे गोळ्यांनंतर झिरो हलला नव्हता आणि पांढऱ्या रेघा सरळ होत्या.

तरी रॅटनला १,००० यार्डांवर पहिल्या गोळ्या पाटीच्या मध्यापासून साधारण १७ सेंटिमीटर वर लागल्या. ॲपमध्ये जुनाच २,७१५ वेग राहिला होता. खोट्या टरेटसाठी लावलेली दुरुस्ती आता खऱ्या टरेटवर चालू होती. २,७५० परत टाकल्यावर १,००० आणि १,५०० दोन्ही जुळले.

मैलावर ३६ इंची चौकोनी पाटी होती. तिची रुंदी ०.५७ मिल भरते. त्या दिवशी दहापैकी चार गोळ्या वाजल्या. उरलेल्या सहा जवळपास सगळ्या डाव्या-उजव्या बाजूला होत्या, उंची बरोबर होती. या गोळीला तिथे ताशी १० मैलांचा आडवा वारा २ मिलहून थोडा जास्त ढकलतो. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात ताशी सव्वा मैलाची चूक झाली की गोळी पाटीबाहेर. ते कौशल्य स्कोप विकत घेऊन येत नाही. पण आधी चुकलेली गोळी कशामुळे चुकली हेच कळत नव्हतं, आता दर चुकीतून वाऱ्याबद्दल काहीतरी शिकता येत होतं.

झूमचं काय झालं तेही नोंदवण्यासारखं आहे. २५ पट असूनही बहुतेक गोळ्या १५ ते १८ वर मारल्या गेल्या. दुपारचा मिराज त्यावर चालू देत नाही. दुसरं म्हणजे गोळीला मैल गाठायला पावणेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात धक्क्यातून सावरून आपलीच धूळ कुठे उडाली ते बघायचं, तर दृश्य रुंद हवं. फर्स्ट फोकल प्लेनमुळे १५ वर धरलेला मिल आणि २५ वर धरलेला मिल आता एकच होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला स्कोप टाळता आला असता. तो आणि त्याच्या ३० मिलिमीटरच्या रिंगा विकून निम्म्याच्या आसपास पैसे परत आले. वाया गेलेल्या काडतुसांची किंमत त्याहून जास्त होती. लापुआ मॅग्नमचं एकेक काडतूस स्वस्त नसतं, आणि महिनोन्महिने दारूचं वजन बदलत बसण्यात ती संपली.

उंच कागदाची चाचणी खरेदीनंतर लगेच, परत करण्याची मुदत संपण्याआधी घ्यायला हवी होती. त्यासाठी रायफलही लागत नाही: जड, न हलणाऱ्या आधारात स्कोप पकडून, १०० यार्डांवरच्या खुणा केलेल्या पट्टीवर टरेट फिरवत रेटिकल कुठे जातं ते नुसतं बघितलं तरी तूट दिसते. एकही गोळी न खर्चता.

नवा स्कोप ५-२५ ऐवजी ३.६-१८ च्या वर्गातला घेतला असता तर चाललं असतं का, हा प्रश्न आमच्या मते उघडा आहे. वापर पाहता चाललं असतं आणि पैसे वाचले असते. १०० यार्डांवर गट तपासताना आणि सकाळच्या थंड, स्थिर हवेत मात्र २५ चा उपयोग झाला.

त्या दिवसानंतर नेमबाजाने उतार बदलणाऱ्या बेसबद्दल पुन्हा विचारलं, आता २,००० यार्ड आणि पुढे जायचं म्हणून. सध्या नको असं ठरलं. रॅटनला २,००० यार्डांना सुमारे २० मिल लागतात, समुद्रसपाटीजवळ साडेचोवीसच्या आसपास, आणि हातात २७.९ आहेत. त्याआधीच समुद्रसपाटीजवळ १,५००-१,६०० यार्डांच्या पुढे ही गोळी ध्वनीच्या वेगाजवळ उतरते आणि तिचं वागणं बेभरवशाचं होऊ लागतं. पुढचा खर्च करायचाच तर तो वारा मोजण्याच्या साधनावर आणि सरावाच्या काडतुसांवर करायचा, आणि दर दोनशे गोळ्यांनी टॉर्क रेंच घेऊन त्या पांढऱ्या रेघा तपासायच्या.